स्वावलंबन आणि चार प्लग

१० नोव्हेंबर, सोमवार
मंगळवेढ्याहून फोन. तेवीस तारखेला, संध्याकाळी सहाला व्याख्यान. विषय ‘स्वावलंबन’. तीन वर्षं मला विसरलेले आयोजक शेवटी शरण आले. मात्र सचिव म्हणाला, “सर, वेळेवर या. न्हायतर शिवयोगी सरांना उभं करतो.” शिवयोगी! माझाच विद्यार्थी. माझीच वाक्यं विकून गावोगाव टाळ्या घेतो. एक मिनिटही उशीर होणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
गाडी सकाळी सुरू होत नाही, चढाला आचके देते. मेकॅनिक तिप्पण्णाने बॉनेट उघडून निकाल दिला, “प्लग गेल्यात की सर. चारी बदला.” गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, प्लग चाळीस हजार किलोमीटरला बदलावेत. मीटरवर अठ्ठावीस हजार चारशे बारा. तोंडावर सांगितलं. तर म्हणे, “मीटर बंद हाय की तुमचं.” पुरावा विरोधात गेला की साक्षीदाराला वेडा ठरवायचं! या देशाचं वाटोळं अशाच वृत्तीने झालं. वीस मिनिटं त्याला हे समजावलं. तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

१६ नोव्हेंबर, रविवार
बायकोला, श्रीदेवीला, घेऊन अक्कलकोटला जाऊन आलो. मीटर : अठ्ठावीस हजार चारशे बारा. माझं ड्रायव्हिंग इतकं हलकं! श्रीदेवीने कपाळावर हात मारला. येताना गाडी तीनदा बंद. पेट्रोलमध्ये भेसळ, दुसरं काय. पंपवाल्याला खरमरीत पत्र लिहायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पत्र राहिलं. भेसळीने प्लग काळे झाले असणार. बदलतो. पण स्वतः! स्वावलंबनावर बोलणारा माणूस तिप्पण्णापुढे हात जोडणार नाही. प्लग आणि पाना आणला. दुकानदार म्हणाला, “इंजिन गार होऊ द्या. एक वायर काढा, एक प्लग बदला, मग दुसरी. आन् आधी हातानं फिरवा, पाना मागनं.” मला शिकवतो! अर्ध्या तासाचं काम.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ११
बाजारातून गाडी आणली आणि लगेच भिडलो. दोन बोटं भाजली. पुस्तकात ‘इंजिन थंड असावे’ असं आहे, पण किती थंड ते नाही. लिहिणाऱ्याचा निष्काळजीपणा.

संध्याकाळी ५
वेळ वाचावा म्हणून चारही वायरी एकदम काढल्या होत्या. आता कुठली कुठे? श्रीदेवी म्हणाली, “आधी फोटो काढायचा की हो!” हिला सगळं नंतर सुचतं. चार वायरी, चोवीस प्रकार. सहाव्या प्रकाराला गाडी सुरू झाली. आवाज पूर्वीपेक्षा कणखर. शेजारचे रेवणसिद्ध गच्चीवरून ओरडले, “सर, दिवाळी झाली की! फटाके अजून उरल्यात व्हय?” निव्वळ मत्सर. श्रीदेवी म्हणाली, “तिप्पण्णाला बोलवा.” मी बॉनेट आपटून बंद केलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
साडेचारला श्रीदेवीला घेऊन निघालो. बेगमपूरच्या अलीकडे गाडीने मोठा बार काढला आणि जागेवर बसली. मागून एसटी आली. श्रीदेवीने हात केला. मी सांगितलं, प्रमुख वक्ता एसटीत लोंबकळत जात नाही. “मग प्रमुख वक्त्यानं गाडी राखावी,” म्हणाली आणि चढली.

उरलेले अठरा प्रकार करून पाहिले. की अकरा? अंधार पडत होता, मोजदाद चुकली.

सव्वासातला कांद्याच्या टेम्पोतून उतरलो. टाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. शिवयोगी भाषण संपवून खाली बसत होता. पहिल्या रांगेत श्रीदेवी, तीही वाजवत होती. सचिव म्हणाला, “बरं झालं सर आलात. आभार तेवढे माना की, माणूस मिळंना.” मोठ्या मनाने होकार दिला. त्याने नावांची चिठ्ठी हातात दिली. पहिलंच नाव शिवयोगीचं. ते माईकपासून लांब, ओठातल्या ओठात उरकलं.

मागून कोणीतरी ओरडलं, “ओ काका, जरा मोठ्यानं बोला की! काय बी ऐकू येईना!”