अस्वलाच्या पाठीवरची खाच

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस. स्वारी खुशीत आहे. कारखाना म्हणजे तीन खोल्या. एकीत पुठ्ठ्यांची थप्पी, दुसरीत लेझर मशीन, तिसरीत मी. वाचनालयाच्या दालनासाठी माणसाएवढं शिल्प करायचंय: बारा प्राण्यांच्या आकृत्या, खाचेत खाच अडकवून उभ्या, गोंदाचा थेंब नाही. मालकीणबाईंना घोडा आणि गाढव यांतला फरकही मीच समजावून दिला. मशीन चालवणारे मामा वीस वर्षं बटण दाबताहेत, म्हणून स्वतःला कलावंत समजतात. वासरांत लंगडी गाय शहाणी.

बुधवार, ५
आकृत्या कापून झाल्या. खाच तीन मिलिमीटर, पुठ्ठ्याच्या जाडीएवढी. सगळं चपखल बसलं, कुठेही सैल नाही. फक्त अस्वलाच्या पाठीवर एक खाच जास्त निघाली. चूक माझीच, पण या दोघांसमोर ती कबूल करायला मी दुधखुळा नाही. सौंदर्यासाठी ठेवली म्हणालो. मामा म्हणाले, रिकामी खाच ठेवून घरी जायचं नसतं, ती मग आपलं आपण काहीतरी शोधते. त्यांनी तिच्यात पुठ्ठ्याचा कपटा बसवला. त्यांची पाठ वळताच मी तो काढून केरात टाकला. साठी, बुद्धी नाठी.

शुक्रवार, ७
सकाळी खाचेत माझी लाकडी पट्टी अडकलेली. पट्टीलाही मधोमध खाच, कडा जळून तपकिरी. मामांच्या नावाने चांगलाच उखडलो. मालकीणबाई म्हणाल्या, ते कालपासून लेकीकडे गेलेत आणि मशीन बंद आहे. सारवासारव नुसती. पट्टी उपसून फेकली.

शनिवार, ८
आज माझी चप्पल. घरात वापरायची. तिचा तळ तसाच कापलेला. घराला तर कुलूप होतं.

सोमवार, १०
मामा परत आले. त्यांच्या नकळत मीच कपटा बसवायला गेलो. गळून पडतो. पट्टी, चप्पल लावून पाहिली, खाच आता काहीच घेत नाही. मामांना विचारावं — पण त्या माणसासमोर हात पसरायचे?

मंगळवार, ११
डाव्या तळहाताच्या कडेला, करंगळीखाली. रक्त नाही. दुखत नाही. कडा तपकिरी, जळक्या पुठ्ठ्याचा वास. मोजली. तीन मिलिमीटर.
मला भीती वाटते.

बुधवार, १२
दुसरी बरगडीपाशी. मामांना सगळं सांगितलं. चूक माझी होती म्हणालो. रडलोसुद्धा. ते म्हणाले, हे पाच तारखेला बोलला असतात तर —
अस्वल सकाळीच दालनात नेलं. इथे कोणी नाही. मग माझ्या पाठीला पुठ्ठा कसला घासतोय —
बरगडीत सरकतंय. बरोबर जुळतंय. कुठेही सैल ना