लाखोळीचे दोन वडे

माय, लोक आता जेवत नाहीत, आहार घेतात. हे तुला सांगावं असं फार दिवस मनात होतं, कारण यातली गंमत तुझ्याइतकी कुणाला कळली नसती. मी वर्तमानपत्रात दर गुरुवारी खाण्यापिण्यावर लिहिते आणि त्यावर वाचकांची पत्रं येतात. एका बाईंना विचारायचं आहे की संध्याकाळी सातनंतर भात खाल्ला तर काय होतं. एका गृहस्थांना ज्वारी किती ग्रॅम खावी ते लिहून हवं आहे, वजनकाटा त्यांनी आधीच घेऊन ठेवला आहे. हेच गृहस्थ लग्नाच्या जेवणात चार तऱ्हेचं गोड वाढून घेतात आणि अर्धं ताट तसंच खुर्चीखाली सरकवून देतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण ओळखते. मोहाच्या फुलांचे लाडू आता काचेच्या बरणीत मिळतात. बरणीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असते आणि वर जंगलातल्या बाईचं हसरं चित्र. पावसाळ्यात आपण बांधावरून ओचा भरून आणायचो त्या तरोट्याच्या भाजीची वाळवून पूड करतात आणि चमचा चमचा कोमट पाण्यातून घेतात. या सगळ्यांना मी गोड शब्दांत उत्तरं देते आणि वेळेवर देते. मजकूर द्यायला मी आजवर एकदाही उशीर केलेला नाही. मनातून मात्र मला ही माणसं फालतू वाटतात, आणि हे वाटणं मी कुठे शिकले तेही मला पक्कं ठाऊक आहे. विश्रामगृहाच्या मागे, तुझ्या खड्ड्याच्या काठावर.

कुरखेड्याच्या पुढे, जिथे भाताच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, तिथे आपलं गाव आणि गावाच्या टोकाला ते कौलारू विश्रामगृह. कागदावर तू तिथली रोजंदारीची झाडूवाली होतीस. खानसामा वेगळा होता. पण सकाळी दहानंतर त्याला भिंतीचा आधार लागायचा, त्यामुळे चूल तू सांभाळायचीस आणि शाबासकी तो घ्यायचा. तुझ्या हातचं पाणी पिण्याआधी ज्यांनी जात विचारली असती, ते साहेब तुझ्या हातची कोंबडी खाऊन ढेकर द्यायचे, कारण ती कुणाच्या हातची हे त्यांना ठाऊक नसायचं. पातेल्यात उरलेलं खानसाम्याच्या घरी जायचं. ताटातलं उरलेलं तुझ्या वाट्याचं. ते तू मागच्या बेहड्याच्या झाडाखाली खणलेल्या खड्ड्यात टाकायचीस, वर चुलीतली राख पसरायचीस आणि पायानं दाबायचीस, म्हणजे कुत्र्यानं किंवा माणसानंही त्याला तोंड लावू नये.

गावातल्या बायका तुला वेडी म्हणायच्या. शेजारीण एकदा कुंपणाशी येऊन म्हणाली, "काऊन वो, मातीले पुलाव चारतं अन् मानसाले नाई?" तू राख पसरता पसरताच तिला म्हणालीस, "मातीले कोनी उष्टखाऊ मनत नाई." ती चिडून गेली. मीही चिडलेली होते. घरी गेल्यावर आपल्या दोघींसाठी पेज असणार हे मला माहीत असायचं, आणि इथे डोळ्यांदेखत तुपाचा भात मातीत जायचा. त्या दिवशी मी खूप रडले, तेव्हा तू मला खाली बसवून एकदाच सांगितलंस. "माही माय लग्नाच्या मांडवामांगं टोपलं घेऊन उभी राहे. मी तिच्या लुगड्याले धरून. पत्रावळीवरची बुंदी गोड लागे, पोरी. लय गोड लागे. म्हनून तुले सांगून राह्यली. दीक्षा घेतली त्या वर्षी आपल्या मोहल्ल्यानं ते टोपलं जाळलं. आता आपल्या घरात कोनाचं उष्टं येनार नाई." मी तेव्हा समजल्यासारखी मान हलवली. पोट काही मान हलवत नव्हतं. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मला साहेबांचा जितका राग यायचा तितकाच तुझा यायचा. ते अन्न टाकायचे, तू गाडायचीस. उपाशी राहणारी मी एकच.

मग तू मला शिकवलंस. नागपुरात राहून मी गृहविज्ञान शिकले, आणि ऐंशीच्या दशकात, गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झालेला असताना, चंद्रपूरच्या एका कार्यालयात आहार समजावून सांगणारी बाई म्हणून तात्पुरती लागले. नव्या जिल्ह्यात शिबिरं भरवायची तेव्हा मोठी हौस होती. त्यातलंच एक आपल्या शेजारच्या गावात ठरलं, आणि दुपारचं जेवण आपल्या विश्रामगृहात. मोठे साहेब स्वतः येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार की सुटणार हे अवलंबून होतं. मी आदल्या आठवड्यात गावाकडे निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर तुला निरोप पाठवला. शब्द मला अजून आठवतात. साहेब लोकांसमोर मला पोरी म्हणून हाक मारू नको.

शिबिरात मी झाडाला तक्ता टांगला. समतोल आहार. त्यावर दूध, अंडं, गाजर, केळी आणि मधोमध हे एवढं मोठं सफरचंद. पुढे बसलेल्या एका म्हातारीनं काठीनं त्याच्यावर टोचून विचारलं, "बाई, हे लाल कोनतं जी? टेंभुर हाय का?" मी म्हणाले, सफरचंद. "कुठी भेटते?" मी म्हणाले, चंद्रपूरला. म्हातारी मागे वळली. "चला वो बायाहो, बकऱ्या घ्या संगं. चंद्रपूरले जाऊ, सफरचंद खाऊ, सांजच्याले वापस येऊ." सगळ्या बाया हसल्या. मी आवाज चढवून लाखोळीवर आले. भात कापला की त्याच ओल्या बांधीत लाखोळी फेकायची आणि वर्षभर तिची डाळ खायची, हे तिथे सगळ्यांचंच होतं, आपलंही. मी सांगितलं की लाखोळी रोज खाऊ नका, पाय लुळे पडतात. मागून एक माणूस म्हणाला, "आमी तं पायीच आलो जी इथवर. जीपमंदी तुमी आल्या." मी जे सांगत होते ते खोटं नव्हतं. दुष्काळात दुसरं काहीच नसताना लोक लाखोळीवरच जगले, तेव्हा पाय गेले होते. पण तिच्याऐवजी काय खायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तक्त्यावर सफरचंद होतं. साहेब खुर्चीत बसून मान डोलावत होते. त्यांनी समारोपात सांगितलं की अज्ञान हाच खरा रोग आहे. मग त्यांना भूक लागली.

विश्रामगृहाच्या न्हाणीत हात धुताना आमच्यातल्या ज्येष्ठ मॅडम मला हळूच म्हणाल्या, "ताट पुसून जेवू नकोस हं. थोडं ठेवावं. नाहीतर घरी मिळत नाही असं दिसतं." किती आपुलकीनं सांगितलं त्यांनी. त्या टेबलावर बसलेल्या एकाही माणसाला भूक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाला आपण भुकेले दिसू याची भीती वाटत होती. साहेबांना मधुमेह होता. त्यांनी बिनसाखरेच्या चहाची सूचना देऊन ठेवली आणि चंद्रपूरहून बर्फात घालून आणलेल्या श्रीखंडाच्या तीन वाट्या संपवल्या. कोंबडीचे तुकडे एकेक घास खाऊन बाजूला झाले. पुऱ्या मधोमध फाडून ठेवल्या गेल्या. आणि मग तू परात घेऊन आत आलीस. साहेबांनी इकडचं काहीतरी करा म्हणून सांगितलं होतं, म्हणून तू लाखोळीच्या डाळीचे वडे केले होतेस. साहेबांनी एक उचलला आणि डोळे मिटले. "वा! कशाचे रे हे?" दारात चौकट धरून उभा असलेला खानसामा म्हणाला, "लाखोळीचे, साहेब." साहेब म्हणाले, "अरे, एक दिवस खाऊन काय होतंय? आणि माझे पाय तर कायम जीपमध्येच असतात." सगळे हसले. मीही हसले. त्यांनी सात वडे खाल्ले. सकाळचं विष दुपारी तळून आलं की पक्वान्न होतं, एवढंच त्यांचं आहारशास्त्र. जाता जाता म्हणाले, खानसाम्याच्या हाताला चव आहे. तू भिंतीशी पाण्याचा जग घेऊन उभी होतीस. मी पुरीकडे बघत होते.

माझ्या ताटात तू दोन वडे वाढले होतेस. परातीतून शोधून, जास्त तळलेल्या कडांचे, लहानपणी मी भांडून घ्यायचे तसले. मी ते खाल्ले नाहीत. सकाळच्या भाषणाचा मान ठेवला म्हणून नाही, तसं असतं तर निदान त्याला तत्त्व म्हणता आलं असतं. थोडं ठेवायचं होतं, आणि ठेवायला तेच बरे दिसले. ताटं उचलायला आलीस तेव्हा माझ्या ताटाजवळ थांबलीस. अदबीनं विचारलंस, "बाई, जेवन नाई आवडलं का जी?" माझा निरोप तू इतका तंतोतंत पाळशील असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, पोट भरलं.

साहेब तासभर पडले. चारला निघायचं होतं. मी मागे आले तेव्हा तू खड्ड्याशी उभी होतीस. सगळी ताटं निरपून झाली होती, राख पडली होती. एक ताट तेवढं बाजूच्या दगडावर ठेवलेलं, त्यात दोन वडे.

"हे तुह्यं," ते ताट उचलून तू म्हणालीस.

"माय, जीप निघून राह्यली."

"निघू दे. दोन घासाले का वेळ लागते? त्या लोकाईचं होतं ते त्याईच्या संगं मातीत गेलं. तुह्यं कुठी टाकू? त्याईच्यात टाकू, का इथी बसून खातं?"

तुझ्या आवाजात राग नव्हता. तू खरोखरच विचारत होतीस. घरात कुणाचं उष्टं येणार नाही म्हणून जन्मभर राख पसरलेली बाई आपल्या मुलीचं ताट हातात धरून विचारत होती की हे कुणाचं समजू.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, माय, कारण ते मी छापलं आहे. नोकरी सोडून लिहायला लागल्यावर एका गुरुवारी विषय सुचत नव्हता, पान अडलेलं होतं, आणि मी तुझ्यावर लिहिलं. त्या लेखात मी दगडावर बसते. गार झालेले वडे खाते. जीपचा हॉर्न वाजत राहतो. तू पदरानं माझं तोंड पुसतेस. वाचकांना तो लेख इतका आवडला की अजून पत्रं येतात. एकीनं कापून स्वयंपाकघरात लावला आहे. आमच्या घरी तेव्हापासून कुणी ताटात टाकत नाही, असं तिनं लिहिलं. ज्यांची मी टर उडवते त्या माणसांनी माझा तो लेख वाचून अन्न टाकणं थांबवलं, हे मला कुठे ठेवावं कळत नाही.

जीप वाजली हे खरं. मी म्हणाले, "टाक."

मी वळले. जीपच्या मागच्या ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं तेव्हा तू पाठमोरी होतीस, ताट हातातच होतं. तू टाकलंस की खाल्लंस ते मला कधी कळलं नाही. तू खाल्लं असशील असं वाटलं की जास्त त्रास होतो.

नोकरी कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन गावी आले. तू एक हातात घेतलास. आजूबाजूला दोन बाया बसलेल्या होत्या, माझं कौतुक करत होत्या. भाताचं शीत जमिनीवर पडलं तर बोटानं टिपून खाणारी तू, पेढा अर्धा खाल्लास आणि अर्धा बशीत ठेवलास. एका बाईनं विचारलं, "काऊन वो, गोड नाई का?" तू माझ्याकडे बघत म्हणालीस, "गोड हाय. पोट भरलं." त्यानंतर त्या दिवसाबद्दल तू कधीच काही बोलली नाहीस, आणि तीन पावसाळ्यांनी गेलीस. मला ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तो अर्धा पेढा बायांच्या देखत मी उचलून खाल्ला होता. तू बघितलंस, आणि बशी उचलून आत नेलीस.

या आठवड्यात आमच्याकडे आयांवर खास पान निघणार आहे. तोच लेख पुन्हा मागितला. मी शेवट दुरुस्त करायला बसले होते, आणि त्याऐवजी हे लिहीत गेले. हे कुठे पाठवायचं नाही, पाठवायला तुझा पत्ताही नाही. लेख चारपर्यंत द्यायचा होता. दिला. शेवट तोच राहू दिला, माय. त्यात मी अजून दगडावर बसून खाते आहे.