वन्संच्या तक्रारी

१२ मार्च
चि. डॉक्टरीणबाईस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू सदा घाईत, म्हणून पत्र. घरच्या माणसावर आपण उपचार करू नयेत म्हणून वन्संना तू तुझ्या शिष्येकडे सोपवलंस. पोरगी गोड आहे. खुर्चीत बसवून डोक्याला चुंबकाचं यंत्र लावते; ते सुतारपक्ष्यासारखं टकटकतं. आज दहावी बैठक झाली. पण चार वर्षांत त्यांच्या उदासीपुढे पाच औषधं हरली, तिथे हे काय करणार? वन्सं भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काल म्हणाल्या, माझ्यावर कशाला दिवस घालवतेस, वहिनी. देवापुढे बसले तरी तेच वाक्य कानात. थांबवू का?

दोन ओळी का होईनात, लिही.
तुझी ताई

१६ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

मुळीच थांबवू नकोस. औषधांना दाद न देणारे आजारच माझ्या वाट्याला येतात. तीस बैठकांआधी मी हात टेकत नाही. तू हिशेबाला पक्की, तेव्हा तुझी नणंद रोज काय करते ते टिपून ठेव. आणि वेळेवर जेव. नुसती काळजी खाऊन पोट भरत नाही.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
धाकटी

२४ मार्च
चि. धाकटीस आशीर्वाद. वि. वि.

यंत्र नक्की बिघडलंय! पंधराव्या बैठकीपासून वन्संचा स्वभावच फिरला. मी घडी घातलेल्या सगळ्या चादरी उलगडून त्यांनी पुन्हा घड्या घातल्या. चहा पाणचट म्हणून परत केला. आज मी साबणाचे तुकडे जोडून वडी केली, तर म्हणाल्या, तुझ्या चिक्कूपणापुढे साबणही झिजायला घाबरतो. आजारी माणूस असं बोलतं का? येत्या एक तारखेपासून मी त्यांना नेणार नाही.

काळजीत असलेली,
ताई

२७ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत तुझंच जुनं पत्र पाठवतेय, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातलं. त्यात चादरी आहेत, चहा आहे आणि हिच्याबरोबर जन्म कसा काढू, हेही आहे. अगं, यंत्र बिघडलेलं नाही. वन्सं परत येताहेत! त्या मुळात कशा होत्या, हेच तू चार वर्षांत विसरलीस. आजार अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा तीस बैठका पुऱ्या करा.

पत्र वाचून आधी हस.
धाकटी

९ एप्रिल
चि. डॉक्टरीणबाईंस आशीर्वाद. वि. वि.

अक्षर वाकडं आहे. चार वर्षांनी पेन धरलंय. तुझं पाकीट आलं तेव्हा वहिनी ओट्यापाशी हसत होती की रडत होती, देव जाणे. दूध मात्र उतू गेलं. पातेलं मी उतरवलं. जुनं पत्र तिने साबणाच्या डब्यात लपवलं, म्हणजे ते मला सापडणारच. आज तिसावी बैठक झाली. एखाद्या सकाळी अजून भिंतच बरी वाटते, पण उठते. माझ्याबरोबर जन्म कसा काढायचा, ते वहिनीला सांगितलंय: आधी चहात पावडर वाढव.

येशील तेव्हा चादरी बघ.
तुझ्या ताईची नणंद