खळीनं चिकटलेलं पान

प्रिय किसन,

तुझ्या पायांच्या चिखल्या भरल्या का? तिकडे अण्णा भेटले असतील. त्यांचा दमा कसा आहे? थोरल्या आत्याला आता नीट दिसतं का? इकडे विहिरी आटल्यात. आईचे गुडघे धरलेत, तरी घागर सोडत नाही. तुझी वहिनी बरी आहे. मी? मी बरा नाही, बाळा.

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पानं उठली आणि आई म्हणाली, "नामा, किसनाचं शेवटलं पत्र वाच. मागल्या अंगाला माझ्यासाठी लिवायचा ना त्यो?" म्हणून आज तुला लिहायला बसलो.

माझं खूळ तुला ठाऊकच! चौथीतून उठलेला माणूस, निघालो इतिहास लिहायला. सोनईच्या बाजारातून जाड वही आणली, वर लिहिलं 'बंगालच्या मोहिमा'. एकाच देशातली माणसं एकमेकांच्या जिवावर कशी उठली, तिथून सुरुवात. मग आपली फौज शिरली ती पश्चिमेकडून कशी, उत्तरेकडून कशी, पूर्वेकडून कशी. प्रत्येक मोहिमेचं वेगळं प्रकरण. रेडिओ ऐकायचा आणि पारावर नकाशा पसरून ज्वारीचे दाणे पुढे सरकवायचे. गफूरभाई शिंपी म्हणायचे, "नामदेवराव, जरा जपून! काल कोंबडीनं अख्खी पलटण खाल्ली!"

आणि तू तिकडे लढाईवर, तर तुला पत्रात मी काय विचारायचो? नदी केवढी होती? पूल कुणी तोडला? मोठ्या ठाण्यांना बगल देऊन कसे गेलात? तू बिचारा कागदाच्या पुढच्या अंगाला माझी उत्तरं लिहायचास. गावांची नावं तुमचे साहेब काळी करायचे. घरचं सगळं मागच्या अंगाला. एकदा लिहिलंस, आठ दिवस बूट निघाले नाहीत, बोटांत चिखल्या झाल्या. मी काय उत्तर धाडलं? "ती वाट कोणत्या दिशेला जात होती?" थू माझ्या जिनगानीवर!

शेवटचं पत्र आलं तेव्हा आई कर्जतला ताईकडे होती. पार माणसांनी भरलेला. पुढचं अंग मोठ्यानं वाचलं. कागद उलटला, "आईला सांग" एवढं दिसलं, तोच कुणी ओरडलं, "नामदेवराव, दाणे सरकवा की!" मी सरकवले. त्याच भरात घरी आलो, कणकेची खळ शिजवली आणि नदी ओलांडल्याची तुझी हकिकत वहीत डकवून टाकली. मागचं अंग खाली गेलं, हे ध्यानातसुद्धा आलं नाही रे! तिसऱ्या दिवशी तार आली. त्यानंतर वहीला हात लागला नाही.

काल ते पान भाताच्या वाफेवर धरलं. सुटेना, म्हणून ओल्या फडक्यानं हळूहळू पुसलं. खळ निघाली, पण शाईही फडक्यात उतरली. आईला म्हणालो, "उंदरांनी खाल्लं गं."

ती म्हणाली, "उंदरालाबी माझंच सापडलं व्हय?"

उद्या सकाळी ते निळं फडकं तिच्या हातात देईन आणि खरं सांगेन. मग ती शिव्या देवो, नाहीतर बोलणं टाको. वहीही पुरी करीन; पण पहिलं प्रकरण तुझ्या चिखल्यांचं, हे माझं वचन.

आता नदीचं काही लिहू नकोस. "आईला सांग" याच्या पुढचं तेवढं लिही. उत्तराला उशीर करू नकोस किसन, आई वाट बघते आहे.

तुझा दादा,
नामदेव