सेन्सेईंची सातवी पोळी

१ जुलै, मंगळवार
विद्यापीठाच्या जपानी पदविकेला प्रवेश घेतला. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. वय त्रेपन्न. रेल्वेच्या गार्डन रीच ऑफिसात फायली चाळणारा माणूस या वयात जपानी शिकतो, ही खरं तर पेपरात यावी अशी बातमी आहे. वृंदाने विचारलं, चार वर्षं कोलकात्यात काढून बंगाली का नाही शिकलात. बायकोचे प्रश्न असेच असतात. बंगाली सोपी आहे, केव्हाही येईल.
संकल्प: दिवाळीपर्यंत दोन हजार चित्राक्षरं. रोज वीस. काहीच नाही.

४ जुलै, शुक्रवार
शिकवायला मोरिता सेन्सेई. सेन्सेई म्हणजे गुरू. साठीच्या, चणीने लहान, नऊ वर्षं इथेच आहेत, बंगाली फाडफाड बोलतात. वर्गात चौदा जण. मी सोडून सगळी विशीतली. महत्त्वाची बातमी: वर्षाअखेर एकाला तीन आठवडे जपानला पाठवतात. एकच जागा. आजूबाजूला नीट पाहून घेतलं. स्पर्धा दिसली नाही.

८ जुलै
चित्राक्षरं नंतर. आधी म्हणे सेहेचाळीस साधी अक्षरं शिकायची. बालवाडीचं काम. आज पाच झाली. त्यातली दोन सारखीच दिसतात, पण तो दोष जपान्यांचा.

२५ जुलै
अक्षरं नऊ. पण मला मुद्दा कळला आहे. भाषा काय, पोरंसोरंही शिकतात. संस्कृती अंगात मुरावी लागते. आजपासून सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार. मिनीबसच्या कंडक्टरला केला, त्याला वाटलं माझं काहीतरी खाली पडलं. केबिनबाहेर बूट काढायचा नियम केला. मंदार, माझ्या हाताखालचा अधिकारी, सहीसाठी नुसत्या मोज्यांत आला. डाव्या मोज्याला भोक. दुपारपासून तो फायली शिपायाबरोबर पाठवतो. शिस्त पसरते आहे.

१२ ऑगस्ट
वर्गात डोळा लागला. पुस्तकात वाचलंय की जपानमध्ये मीटिंगमध्ये डुलकी घेणं हे कष्टाळू माणसाचं लक्षण मानतात. वर्गात हे फक्त सेन्सेईंना माहीत असणार. त्यांनी मला उठवलं नाही. बाकीच्या तेराजणांना उगाच जागं राहावं लागलं.

७ नोव्हेंबर
दुर्गापूजेची सुट्टी, मग दिवाळी. अभ्यासाला विश्रांती दिली, मेंदूला मुरायला वेळ लागतो. अक्षरं एकोणीस होती, मुरून चौदा झाली. शेजारी सुमित बसतो. खिदिरपूरचा. वडील गोदीत कारकून. पोरगा सगळं लिहून घेतो, घरी जाऊन पुन्हा लिहितो. कल्पनाशक्ती शून्य. त्याने आपल्या वहीची झेरॉक्स देऊ केली. त्याला वाईट वाटू नये म्हणून घेतली.

२ डिसेंबर
जपानच्या जागेसाठी नाव दिलं. सहाजणांनी दिलं आहे. लेखी परीक्षा, मग मुलाखत.
इथे खरं लिहायला हरकत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी कधी निवडलेलं नाही. बढत्या आल्या त्या ज्येष्ठतेने, बदल्या आल्या त्या कुणालातरी यायचं नव्हतं म्हणून. एकदा कोणीतरी यादी समोर घेऊन माझ्या नावावर बोट ठेवावं. एवढंच.

१४ डिसेंबर, रविवार
सेन्सेईंना जेवायला बोलावलं होतं. वशिला नव्हे. गुरुभक्ती.
पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात. वृंदाला आधीच बजावून ठेवलं होतं, जपानी पाहुणा भिडस्त असतो, नको म्हणेल, आपण सोडायचं नाही. वृंदा म्हणाली हे जपानचं नाही, हे तुमच्या आत्याचं आहे. दुर्लक्ष केलं.
सेन्सेईंनी पहिली पोळी संपवली. ताट इतकं स्वच्छ की विसळायला नको. रिकामं ताट म्हणजे भूक. दुसरी वाढली. तीही स्वच्छ. तिसरी. बाई खाऊन बघत नव्हत्या, खात होत्या. चौथीला तोंडासमोर हात हलवू लागल्या. उकडत असावं म्हणून पंखा पाचवर केला. पाचवीला वृंदा आत येऊन कानाशी कुजबुजली, पुरे करा, त्या बाईंचा चेहरा बघा. मी सांगितलं, जपानी चेहऱ्यावरून काही कळत नसतं. सहावीला सेन्सेईंनी हात जोडले. मीही जोडले. सातवी मी स्वतःच्या हाताने वाढली, वर तुपाची धार, माझ्यासाठी म्हणून. त्यांनी ती खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं. परक्या देशात कोणी इतक्या प्रेमाने घातलं नसणार.
मग भात.

१६ डिसेंबर, मंगळवार
वर्ग रद्द. सेन्सेईंची तब्येत बरी नाही. हवा बदलली आहे.

१९ डिसेंबर
वर्ग रद्द. सुमित त्यांच्या घरी ओआरएसची पाकिटं देऊन आला. मी जास्त आपुलकीने विचार केला. रविवारच्या उरलेल्या पुरणाच्या वृंदाकडून आठ पोळ्या करून घेऊन डबा पाठवला. डबा तसाच परत आला, सोबत माफीची चिठ्ठी, इंग्रजीत. नकार देतानाही केवढा विनय.

९ जानेवारी
लेखी परीक्षा. तीन पेपर. पहिल्यावर माझं नाव फार सुंदर आलं. उरलेल्या वेळात सुमितकडे पाहिलं. मान खाली घालून सतत लिहीत होता. माणसाला एवढं सांगण्यासारखं काय असतं.

१३ जानेवारी
मुलाखत. समोर सेन्सेई आणि दोन प्राध्यापक. सेन्सेई थोड्या बारीक झाल्या आहेत, छान दिसतं. मी अकरा वेळा वाकलो. नाव, गाव सांगितलं. पुढचा प्रश्न कळला नाही म्हणून मंद हसलो. त्याच्या पुढच्यालाही. मग त्यांनी प्रश्नच विचारले नाहीत. आणखी काय विचारणार?
येताना चाकांची मोठी बॅग घेतली. ऑफिसात तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाकला. महाराष्ट्र मंडळात एप्रिलसाठी व्याख्यान ठरवलं: ‘मी पाहिलेला जपान’. वृंदा म्हणाली आधी पाहून तर या.

२७ जानेवारी, मंगळवार
यादी लागली. सुमितचं नाव आहे.
दहा मिनिटं नोटीस बोर्डासमोर उभा होतो. नंतर विद्यापीठाच्या ऑफिसातल्या मुलीने मला एक लिफाफा दिला. सेन्सेईंचं पत्र. हाताने लिहिलेलं, दोन पानं, सगळं जपानीत. इतर कोणालाही पत्र नाही! तेव्हा कळलं. यादी ही सर्वसामान्यांची. माझं थेट निमंत्रण आहे. जपानी माणूस महत्त्वाची गोष्ट बोर्डावर लावत नाही.

३१ जानेवारी
पत्र देवघरात ठेवलं आहे. आज मंडळात नेऊन दाखवलं. मंडळातल्या सरलाताई फार चिकित्सक, त्यांनी विचारलं आत काय लिहिलंय. म्हटलं, व्यक्तिगत आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार
तारीख वगैरे पक्की करायची म्हणून पत्र सुमितकडून वाचून घेतलं. मला येतं, पण हस्ताक्षर परकं. तो म्हणाला, हस्ताक्षर छान आहे, आणि सेन्सेईंनी मुद्दाम फक्त पहिल्या महिन्याची सेहेचाळीस अक्षरं वापरून लिहिलंय. शब्दांत मोठी अंतरं सोडून. लहान मुलांसाठी लिहितात तसं.
त्याने हिंदीत सांगितलं. वाचताना एकदाही अडखळला नाही. सभ्यपणा म्हणून अडखळायला हवं होतं.
जेवणाबद्दल आभार. घर फार प्रेमळ. जागा परीक्षेवर ठरली, माझे दोन पेपर कोरे होते, त्याबद्दल त्यांनाच वाईट वाटतं. आणि एक प्रश्न, तो विचारण्याबद्दल चारदा माफी. लहानपणापासून त्यांना शिकवलं आहे की ताटात काही टाकलं तर घरच्या बाईचा अपमान होतो. त्या खात राहिल्या, ताट भरत राहिलं. पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून विचारतात, आमच्याकडे पाहुण्याने थांबायचं कधी असतं?
सुमित माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, उत्तर सविस्तर द्यावं लागेल.
मग त्याने विचारलं, उत्तर मी जपानीत लिहून देऊ का. पाठीवर हात ठेवून विचारलं. मला एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

११ फेब्रुवारी
वृंदाला सांगितलं की माझी निवड झाली नाही. ती म्हणाली, माहीत होतं. केव्हापासून, विचारलं. सातव्या पोळीपासून. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही ऑफिसातून येऊन जेवताना कशाबद्दल तरी बोलत होतात. ते बंद पडलं असतं.
तिने टीव्ही लावला.

१७ फेब्रुवारी
सेन्सेईंची माफी मागितली. हिंदीत. त्यांनी बंगालीत काहीतरी उत्तर दिलं. समजलं नाही.

५ मे
सुमित गेला. बॅग मीच दिली, घरात अडचण करत होती. त्याची आई विमानतळावर रडून रडून माझ्याशी बंगालीत बोलत होती, मी हो हो करत राहिलो. बॅग जपानला गेली. व्याख्यान आधीच रद्द केलं होतं. व्याख्यानाच्या तारखेला मंडळात मोदकांची स्पर्धा झाली.

१६ जून, मंगळवार
दुसऱ्या वर्षाला बसू देत नाहीत. पुन्हा पहिल्याच वर्षाचा फॉर्म भरायचा. खिडकीपाशी सगळी नवी मुलं, माझ्याकडे पाहून बाजूला झाली, त्यांना वाटलं कोणाचे तरी वडील आहेत.
नाव, वय, पत्ता, हुद्दा. हुद्दा पूर्ण लिहिला, जागा पुरली नाही. सगळ्यात खाली एक रकाना: जपानी भाषेचं पूर्वज्ञान असल्यास तपशील. पेन हातात धरून बराच वेळ उभा होतो. वर्षभर शिकतो आहे. संस्कृतीचा अभ्यास वेगळाच. मागची मुलगी घाई करत होती.
‘नाही’ असं लिहिलं.
क्लार्कने वाचूनही पाहिलं नाही. शिक्का मारला आणि पुढच्या मुलीला हाक मारली.