दोरा तोडायचा दात

ती. आईस,
तुझ्या शिलाईवाल्या लेकीचा नमस्कार.

दात वाचला, काळजी करू नकोस. तुझ्यासारखाच दातांनी दोरा तोडून तोडून सुळ्याशेजारच्या दाताला तडा गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तो उपटला नाही, वर कॅप बसवली. आता दोन्ही बाजूंनी चावते, गार पाणीही झोंबत नाही.

कारखान्यात गळ्यात कात्री अडकवलीये, तरी दोरा हातात आला की तोंडच पुढे होतं. तुझ्याकडून उचललेली सवय, सुटेल कशी?

तू हल्ली व्हिडिओ कॉलवर गालाला हात लावून बोलतेस. दादाला घेऊन दवाखान्यात जा. ‘मजेत आहे’ म्हणू नकोस. सहा महिने मीही दुखरा गाल दिसू नये म्हणून फोन दुसऱ्या बाजूला धरून तेच म्हणत होते.

आता खरंच मजेत असलेली,
तुझी धाकटी