कॅसेटमधली थांबायची जागा

तीर्थरूप बाबा,

नमस्कार तुम्हाला, आणि हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्या आईलाही.

मी मजेत आहे. लॉन्ड्रीतलं काम आता हाताला बसलंय. दुपारी मालकीणबाई जेवायला गेल्या, की तुम्ही दिलेला सॅक्सोफोन घेऊन मी वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभी राहते. सूर चादरींत शिरून मऊ होतो, चादरी हलतात आणि मी ढगांतून चालल्यासारखी तरंगत राहते. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही वाजवून भरलेल्या कॅसेटवरचे रॉक अँड रोलचे सगळे सोलो मी बसवले. परवा इथल्या सॅक्सोफोन शिकवणाऱ्या मास्तरांना तुमचा सगळ्यात लाडका सोलो ऐकवला. ते म्हणाले, "मध्येच का थांबतेस गं?"

मी म्हटलं, "तिथे थांबायचंच असतं."

त्यांनी मूळ रेकॉर्ड लावली. त्यात वाजवणारा गडी ती जागा एका दमात पार!

खोलीवर येऊन तुमची कॅसेट पुन्हा ऐकली. त्या जागी तुम्ही तोंड वळवून हळूच खोकलाय, बाबा. ती कॅसेट भरलीत तेव्हा मी चौथीत होते. आणि तुम्ही सांगता, खोकला दोनच वर्षांचा आहे! आई, इथे वाचायची थांब आणि जरा त्यांच्या तोंडाकडे बघ. एक्स-रे काढला का?

मास्तर म्हणतात, ती जागा भरून काढ. दम आहे माझ्यात, पण मन होत नाही. तिथे पोचले की मी थांबते, तुमचं खोकून होईपर्यंत.

तुमची,
धाकटी